नदीवर दोघी जावा

१ मार्च, रविवार

तोंडावर बोलता येत नाही ते इथे लिहायचं, एवढ्यासाठी ही वही घेतली. नाहीतर जाऊबाई आणि मी, दोघींपैकी एकीचाच निभाव लागेल या उन्हाळ्यात.

आजपासून आमचा नदीवरचा तळ सुरू झाला. पुलापासून दीड किलोमीटर वर, काठाला लागून, थोरल्या दिरांची जागा आहे. ते जाऊन तीन वर्षं झाली, जागा तशीच पडून होती. आता तिथे सहा तंबू, एक पत्र्याची शेड, दोन संडास, तरंगायला ट्रॅक्टरच्या दहा ट्यूबा आणि जाऊबाई. गावातल्या निम्म्या माणसांना त्यांनी पोहायला शिकवलंय. छप्पन्न वर्षांच्या आहेत, पण पाण्यात उतरल्या की वय काठावर काढून ठेवतात. मी बियाण्यांच्या दुकानातली अकरा वर्षांची नोकरी सोडून त्यांच्या हाताखाली आलेय. चहा, जेवण, तंबू, फोन, पाहुणे हे माझ्याकडे. नदी त्यांच्याकडे. मला पोहता येत नाही, गुडघ्याच्या वर पाणी आलं की मी मागे फिरते.

आज चार कुटुंबं आली. सगळं सुरळीत पार पडलं. निघताना मी मागून म्हटलं, "ताई, दिवस छान गेला, नाही?" त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. ट्यूबा एकावर एक रचत राहिल्या. माझं काय चुकलं देव जाणे.

४ मार्च, बुधवार

नदीचं गणित इथे लिहून ठेवते, म्हणजे माझ्या डोक्यात पक्कं बसेल. वर सहा किलोमीटरवर बंधारा आहे. रोज चारला त्याचे दरवाजे उघडतात. त्याआधी पावणेचारला पुलाजवळच्या खांबावरचा भोंगा तीनदा वाजतो. दरवाजे उघडल्यापासून पाणी आमच्यापर्यंत यायला वीस-पंचवीस मिनिटं. नदीच्या मधोमध वाळूचं बेट आहे, पोरं तिथेच खेळतात. आमचा काठ आणि बेट यांच्यामध्ये एरवी गुडघाभर पाणी. दरवाजे उघडले की तिथे माणूस बुडेल इतकं होतं आणि बेट दिसेनासं होतं.

जाऊबाईंचं काम मात्र चोख. साडेतीनला सगळ्यांना बाहेर काढतात, भोंग्याची वाटच बघत नाहीत. मनगटावर दिरांचं जुनं घड्याळ असतं, दर पाच मिनिटांनी त्याकडे नजर.

९ मार्च, सोमवार

आज भात करपला. मी तंबूंच्या खुंट्या ठोकायला गेले होते. जाताना सांगितलं, "ताई, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." जाऊबाई कुकरपासून दोन हातांवर बसून बटाटे सोलत होत्या. मी परत आले तेव्हा धूर. सात-आठ शिट्ट्या तरी झाल्या असतील, मला खुंट्यांपाशी ऐकू येत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "माझं लक्ष नव्हतं."

लक्ष नव्हतं म्हणे. स्वयंपाक तुझं काम, मी हात लावणार नाही, हेच सांगायचं होतं त्यांना. सरळ सांगायचं की.

१७ मार्च, मंगळवार

ह्यांना म्हटलं, तुमच्या वहिनी मला नोकराणी समजतात. हे दुधाच्या गाडीवरून दमून आलेले. म्हणाले, "वहिनी पूर्वीपासूनच कमी बोलतात." मी म्हटलं, कमी बोलणं वेगळं आणि समोरच्याला किंमत न देणं वेगळं. परवा मी बोलत होते तर एकटक माझ्या तोंडाकडे बघत होत्या, जणू मी खोटं बोलतेय आणि ते पकडायचंय. फोन वाजला तर उचलणार नाहीत. आपला फोनसुद्धा माझ्या हातात देतात, "तू बोल गं धाकटे." बाईसाहेबांना सेक्रेटरी हवी.

लेक मध्येच म्हणाली, "मोठ्या आईनं रेडिओ मला देऊन टाकला." तो रेडिओ त्यांच्या उशाशी असायचा, सकाळच्या बातम्यांशिवाय त्यांचा दिवस उगवत नसे. विचारलं तर म्हणे कंटाळा आला. दिरांच्या मागे त्यांना कशातच गोडी राहिली नाही, असं हे म्हणाले आणि झोपले.

२२ मार्च, रविवार

गर्दी. अकरा कुटुंबं, शिवाय गळ टाकून बसणारी नेहमीची म्हातारी मंडळी. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई स्वतः आल्या होत्या. त्यांना शनिवारी दुपारी दोन ते साडेतीन मुलांसाठी पोहण्याचा वर्ग हवा आहे. आठ मुलं, नऊ ते बारा वर्षांची. जाऊबाईंचा चेहरा असा फुलला की मला त्यांची लग्नातली ओळख आठवली. तेव्हा नव्या नवरीला, म्हणजे मला, त्यांनीच हाताला धरून घर दाखवलं होतं.

संध्याकाळी आवराआवर करताना म्हणाल्या, "शनिवारी वर्ग असेल तेव्हा तू माझ्याजवळ येऊन बसत जा. काठावर. दोघी असलेल्या बऱ्या."

म्हणजे शनिवारी दुपारी, पाहुण्यांच्या ऐन गर्दीत, मी शेड सोडून यांच्या शेजारी बसायचं. मी "बघू" म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा "बघू" म्हटलं, जरा जोरात.

४ एप्रिल, शनिवार

वर्ग सुरू होऊन दुसरा शनिवार. आज बसले त्यांच्याजवळ. करायला काही नव्हतं. शिकवतात मात्र छान. ओरडत नाहीत, हातानं दाखवतात, मुलाच्या पोटाखाली तळवा धरतात आणि कधी काढून घेतला ते मुलाला कळतही नाही. शिंपीणबाईंची दोन वेण्यांची मुलगी आज पहिल्यांदा सुटी तरंगली. बेटावर आली आणि हुंदके देऊन रडायला लागली. आनंदानं रडतात ते मी पोरांमध्ये पहिल्यांदाच पाहिलं.

पावणेचारला भोंगा झाला. मुलं केव्हाच कपडे बदलून बसली होती. भोंगा झाला तसे पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले. जाऊबाईंनी बगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "झाला."

मी म्हटलं, झाला म्हणजे काय, कान फुटायची वेळ आली.

त्या नुसत्या हसल्या.

१८ एप्रिल, शनिवार

आज गेले नाही वर्गाला. तंबूत पाहुणे होते. जाऊबाई शेडच्या दारापर्यंत येऊन उभ्या राहिल्या, परत गेल्या. रात्री जेवताना तोंड एवढंसं. मी कुणाकुणाची मर्जी सांभाळू?

२५ एप्रिल, शनिवार

मध्यरात्र होत आलीय. पण आजच लिहायला हवं, उद्या मी स्वतःलाच वेगळं सांगायला लागेन.

सकाळी सात वाजता सायकलवाले आले. काल त्यांचा माणूस येऊन जाऊबाईंना सांगून गेला होता, मी बाजारात होते. जाऊबाईंनी मला निरोप दिला, "सकाळी सात जण नाश्त्याला." मी सात जणांचा चहा, पाव आणि अंडी तयार ठेवली. आली साठ माणसं. रांगेनं, घामाघूम, भुकेली. तो माणूस म्हणाला, "मी यांना साठ म्हणालो होतो, दोनदा म्हणालो होतो." जाऊबाई त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या. अर्धे लोक उपाशी गेले, जाताना जे बोलले ते मी इथे लिहीत नाही.

नंतर शेडमध्ये मी त्यांना नाही नाही ते बोलले. पाठमोऱ्या होत्या, कप धुवत होत्या. मी म्हटलं, "तुम्हाला हा तळ चालवायचाच नाहीये. मी नोकरी सोडून आले त्याचं तुम्हाला सोयरसुतक नाही. दादा असते तर त्यांना लाज वाटली असती." कप धुणं थांबलं नाही. मला इतका संताप आला की मी पुढे जाऊन त्यांचा खांदा धरून त्यांना फिरवलं आणि दिरांचं ते वाक्य पुन्हा म्हटलं. आता त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाल्या, "आज वर्गाला तरी ये." मी म्हटलं, "तुमचे तुम्ही बघा," आणि स्कूटी काढून गावात आले.

दुपारी दोननंतर पुलाजवळच्या औषधाच्या दुकानात डोकेदुखीची गोळी घेतली. दुकानदार ह्यांचा शाळूसोबती. त्यानं चहा मागवला. मी बसले आणि जाऊबाईंचा पाढा वाचायला सुरुवात केली. शिट्ट्या, फोन, साठ माणसं. तो हो-हो करत होता. मी सांगत असतानाच बाहेर खांबावरचा भोंगा वाजला.

दुकानदारानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आज अडीचलाच?"

भोंगा तीनदा वाजून थांबला, आणि पुन्हा तीनदा वाजला. असा दोनदा कधी वाजत नाही. मी म्हटलं, "चाचणी असेल." तो म्हणाला, "तुमची मुलं पाण्यात असतील ना?" मी म्हटलं, "जाऊबाई आहेत तिथे. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं." हे मी टोमण्यानं म्हटलं. आणि उरलेला चहा प्यायले. किती मिनिटं गेली असतील? पाच. सहा. ती मला कुणी परत देणार नाही.

मग फोन आला, बंधाऱ्यावरच्या माणसाचा. "वहिनी, एक दरवाजा आपोआप वर गेलाय, बंद होत नाही. पाणी निघालंय. तुमच्या जाऊबाईंना तीनदा फोन केला, उचलत नाहीत."

स्कूटीवर बसेपर्यंत मी जाऊबाईंवर चिडलेलीच होते, हेही लिहून ठेवते. फोन न उचलण्याची ही काय वेळ, असं मनात म्हणत होते. वाटेत पहिलं वळण गेल्यावर मग भीती वाटायला लागली.

तळावर पोचले. काठावर जाऊबाईंची पिशवी, पिशवीत फोन वाजत होता. बेटावर मुलं. जाऊबाई काठाकडे पाठ करून कमरेइतक्या पाण्यात, बेटाच्या पलीकडच्या अंगाला, एका मुलाचे पाय धरून हलवायला शिकवत होत्या. मी ओरडले, "ताई!" मुलांनी वळून पाहिलं. जाऊबाईंनी नाही. पुन्हा ओरडले, घसा फाटेपर्यंत. माझ्या मनात तेव्हा काय आलं? की सकाळचं मनात धरून बसल्यात. पोरांचा जीव जायची वेळ आली आणि ह्या रुसल्यात.

पाणी बदललं होतं. वर आलं नव्हतं फारसं, पण रंग गढूळ झाला होता आणि काटक्या, पानं वेगानं येत होती. मी चपलांसकट उतरले. गुडघे बुडाले, मांड्या बुडाल्या. मी कसं पार केलं ते मला आता आठवत नाही, पायाखालची वाळू सरकत होती एवढंच आठवतं. बेट ओलांडून मी त्यांचा खांदा धरला. सकाळी धरला होता तोच.

त्या वळल्या, हसत. मग माझं तोंड पाहिलं. मी म्हटलं, "भोंगा. दरवाजा." आवाज फुटला की नाही मला माहीत नाही. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग वरच्या अंगाला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही, दीर गेले त्या दिवशीही नाही.

पण ते क्षणभरच. पुढच्या क्षणी त्या कामाला लागल्या. ट्यूबांना ओवलेला दोर होता, तो सगळ्यांच्या हातात दिला. लहान चौघं ट्यूबांत, मोठी मुलं मधे, मला सगळ्यात पुढे उभं केलं. "धाकटे, पाण्याकडे बघू नको, त्या झाडाकडे बघ आणि चाल." आम्ही निघालो. पाणी माझ्या छातीला लागलं. मागून जाऊबाई एकेकाला ढकलत होत्या. मी काठावरच्या झाडापाशी पोचले, दोर बुंध्याला गुंडाळला आणि ओढायला लागले. एक, दोन, तीन, मोजत होते. सात झाले. आठवी नव्हती. दोन वेण्यांची.

तिचा हात सुटला होता. खाली, वीस-पंचवीस हातांवर, तिचं डोकं दिसलं आणि गेलं. जाऊबाईंनी दोर सोडला आणि सूर मारला. मग दोघीही दिसेनाशा झाल्या.

सात मुलं माझ्याभोवती थरथरत उभी. मी त्यांना शेडमध्ये नेलं, चादरी दिल्या, पुन्हा पुन्हा मोजलं. एक मुलगा म्हणाला, "काकू, आम्हाला भोंगा ऐकू आला होता. पण मोठ्या काकू काहीच बोलल्या नाहीत, म्हणून आम्हाला वाटलं अजून वेळ आहे."

मी त्याच्या ओल्या डोक्यावर चादर ओढली.

चाळीस मिनिटांनी दोघी सापडल्या. पुलाच्या अलीकडे उंबराची मुळं पाण्यात उतरलीयत, तिथे जाऊबाईंनी एका हातानं मूळ धरलं होतं आणि दुसऱ्या हातात ती पोर. औषधवाल्यानं आणि आणखी दोघांनी दोर टाकून काढलं. पोरीचा डावा हात मोडलाय, पोटात पाणी गेलं होतं, पण जिवंत आहे, बोलतेय. जाऊबाईंची बोटं मुळावरून सोडवावी लागली.

काठावर पालक जमले होते. शिंपीणबाई म्हणाल्या, "भोंगा झाला तेव्हा तुम्ही काय करत होतात?" हे त्यांनी जाऊबाईंच्या समोर उभं राहून, एकेक शब्द तोडून विचारलं.

जाऊबाई म्हणाल्या, "ऐकला होता मी. वाटलं, वेळ आहे. माझी चूक झाली."

२६ एप्रिल, रविवार

जाऊबाई ओट्यापाशी बटाटे चिरत होत्या. मी मागे गेले आणि हातातलं स्टीलचं मोठं ताट फरशीवर टाकलं. मुद्दाम. अंगणात कुत्रं भुंकायला लागलं. लेक आतून धावत आली. जाऊबाईंची सुरी चालत राहिली, एकसारखी, बारीक फोडी.

लेकीला मी खूण करून गप्प बसवलं.

नंतर खोलीत येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचली. सगळं लिहिलेलं आहे. मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात.

२७ एप्रिल, सोमवार

समोर बसले. म्हटलं, "ताई, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

मी कानाला बोट लावलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ फिरवलं. मग म्हणाल्या, "दोन वर्षं. आधी उजवा गेला. डाव्यानं वर्षभर चाललं. आता समोरून कुणी बोललं तर समजतं. पाठीमागून काही नाही."

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर मला नदीवर जाऊ दिलं असतंस?"

मी म्हटलं, "नाही."

"मग."

मला राग यायला हवा होता. आलाही. आठ मुलं होती, ताई, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "माहितीये. घड्याळ होतं, बगळे होते. तेवढ्यावर निभेल असं वाटलं. आणि तुला सांगितलं होतं, जवळ बसत जा." एवढं बोलून उठल्या. मला माझा 'बघू' आठवला, जोरात म्हटलेला. तेवढा नेमका त्यांना समजला असणार.

दारातून वळून म्हणाल्या, "शाळेत सभा लावलीय रविवारी. मी तिथे हेच सांगणार. ऐकला, पण वेळ आहे असं वाटलं. तू मधे पडू नको."

"लोक तुम्हाला निष्काळजी म्हणतील."

"म्हणू देत. निष्काळजी माणूस सुधारतो असं लोकांना वाटतं. बहिऱ्याला पुन्हा कोण पोरं देईल?"

३० एप्रिल, गुरुवार

तळ बंद. तंबू उतरवले. बाजारात जाऊबाईंना बघून दोन बायकांनी रस्ता बदलला. एक तर मागून बोललीच, "पोरं बुडवायला निघाली होती." जाऊबाई शांतपणे लिंबं निवडत होत्या. मला ऐकू आलं. त्यांना येत नाही, हे पहिल्यांदाच बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

हे म्हणतात, वहिनींचं त्यांना ठरवू दे. मी म्हटलं, मी त्या दिवशी चहा पीत बसले होते, ते कोण ठरवणार? ह्यांना ते माहीत नव्हतं. उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळानं आले आणि माझ्या शेजारी नुसते बसले.

३ मे, रविवार

सभा शाळेच्या मोठ्या वर्गात होती. आठही मुलांचे आईवडील, मुख्याध्यापिकाबाई, बंधाऱ्यावरचा माणूस, आम्ही तिघं. लहान बाकांवर मोठी माणसं अवघडून बसली होती. शिंपीणबाई पुढच्या बाकावर, शेजारी प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन त्यांची मुलगी.

बंधाऱ्यावरच्या माणसानं दरवाज्याचं सांगितलं. वरून चौकशी सुरू आहे म्हणाला. लोकांना त्यात रस नव्हता. सगळे जाऊबाईंना विचारत होते. सुरुवातीला एकेक जण बोलत होता तोवर त्यांनी उत्तरं दिली. ऐकला होता. वाटलं, वेळ आहे. माझी चूक.

मग मागच्या बाकावरून एकानं विचारलं, खिडकीपाशी दुसरा उठला, दोन बायका एकदम बोलायला लागल्या. जाऊबाईंची नजर इकडून तिकडे धावायला लागली. एका तोंडाकडे वळेपर्यंत दुसरं सुरू होत होतं. "हो," म्हणाल्या. कुणीतरी विचारलं होतं की फोन का उचलला नाही. पुन्हा म्हणाल्या, "हो, माझी चूक." मागे कुणीतरी हसलं. "बाई उत्तरसुद्धा धड देत नाहीत. काही पर्वा आहे का?"

हे सगळं मी दोन महिने या वहीत लिहीत होते. अगदी हेच शब्द.

मी उठले. जाऊबाईंच्या समोर जाऊन बाकावर बसले, सगळ्यांकडे पाठ करून. त्यांच्या डोळ्यांत बघून, सावकाश, म्हटलं, "ते विचारतायत, फोन का उचलला नाही?"

त्यांनी मान हलवली. नको, असं. डोळ्यांनीच सांगत होत्या. मी थांबले नाही. "मागचे गृहस्थ म्हणतायत, तुम्हाला पर्वा आहे का?"

वर्गातला आवाज कमी होत गेला. आधी पुढचे बाक गप्प झाले, मग मागचे. मुख्याध्यापिकाबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. कुणी काही समजावून सांगितलं नाही, पण समजलं. जाऊबाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी त्यांना भर बाजारात उघडं केलंय. केलंच होतं.

मग त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही. भोंगा मला ऐकू आला नाही. दोन वर्षं मी हे लपवलंय. तुमच्या मुलांना मी तशीच घेऊन गेले."

मी लगेच म्हटलं, नाहीतर माझं धैर्य गेलं असतं, "भोंगा मला ऐकू आला होता. मी पुलापाशी चहा पीत होते. त्यांनी मला वर्गाजवळ बसायला सांगितलं होतं, मी भांडून निघून गेले. भोंगा झाल्यावरही मी बसून राहिले."

 शिंपीणबाईंचे डोळे माझ्यावर होते, जाऊबाईंवर नव्हते. त्यांची मुलगी म्हणाली, "आई, मोठ्या काकूंनी मला सोडलं नाही." शिंपीणबाई म्हणाल्या, "गप्प बस तू." पण तिच्या डोक्यावर हात ठेवला.

शाळेनं वर्ग बंद केला. तळाचं काय ते आमचं आम्ही बघावं, म्हणाले. पोलिसात कुणी गेलं नाही, पुढे जातील की नाही सांगता येत नाही.

७ मे, गुरुवार

जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत. समोर जाऊन उभी राहिले तर डोळे मिटून घेतात. डोळे मिटले की माझं बोलणं संपलं. असं दार लावणं मला जमलं नसतं.

११ मे, सोमवार

ह्यांनी त्यांना तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. डाव्या कानाला यंत्र बसवता येईल, थोडं ऐकू येईल. पाण्यात ते काढून ठेवावं लागेल. उजवा गेलाच. परत येताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या म्हणे, "पाण्यात कधीच ऐकू येत नव्हतं, कुणालाच येत नाही."

संध्याकाळी माझ्या पुढ्यात येऊन बसल्या. म्हणाल्या, "तू बरोबर केलंस असं मी म्हणणार नाही."

मी म्हटलं, "नका म्हणू."

"मी आणखी एक उन्हाळा काढला असता."

"हो. आणि मग?"

त्यांनी मान वळवली. पण डोळे उघडे होते.

२४ मे, रविवार

आज तळावर गेलो, दोघीच, उरलेल्या ट्यूबा आणायला. दुपारी शिंपीणबाई आल्या, मुलीला घेऊन. प्लास्टर अजून आहे, महिना होत आला तरी. मला बघून त्यांनी मान वळवली. जाऊबाईंच्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही घरात बादलीत हात घालत नाही. न्हाणीत रडते. मला काय करावं सुचत नाही. तुमच्याकडे यायचं नव्हतं मला."

जाऊबाईंनी सगळं ओठांवरून वाचलं. मग विचारलं, "किती वाजले?" मी घड्याळ बघून बोटांनी दाखवलं. एक वाजून दहा मिनिटं. "बंधाऱ्यावर फोन कर." मी केला. दरवाजे बंद आहेत, चारच्या आधी उघडणार नाहीत, तो म्हणाला. नवी साखळी बसवलीय. मी जाऊबाईंसमोर उभी राहून शब्द न् शब्द सांगितला. शिंपीणबाईंनी तो फोन माझ्या हातून घेतला आणि स्वतः पुन्हा विचारून खात्री केली.

जाऊबाई काठावरच्या सपाट दगडावर बसल्या. पोर चार हातांवर उभी. तिला बोलावलं नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. पाय पाण्यात सोडून बसून राहिल्या. अर्ध्या तासानं ती दगडावर आली. आणखी बऱ्याच वेळानं तिनं एका पायाचं बोट पाण्याला लावलं, झटकन काढलं, पुन्हा लावलं.

कुणीच पोहलं नाही. त्या दोघी तीनपर्यंत तशाच बसल्या होत्या, चारही पाय घोट्यापर्यंत बुडलेले. शिंपीणबाई आणि मी मागे उभ्या होतो, एकमेकींशी न बोलता, दोघींचेही कान पुलाकडे.